खारीक चावतो का?

धावड्याहून आलेल्या एका पत्राला मी सत्तेचाळीस दिवस उत्तर दिलं नाही. ते पत्र मी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं होतं. त्यामुळे वाचायला बसलं की चष्म्याच्या आधी तेच हाताला लागायचं. मी ते बाजूला ठेवायचो, वाचन आटोपलं की पुन्हा आत सरकवायचो. एवढं करण्याऐवजी उत्तर लिहायला कमी वेळ लागला असता.

पत्र गिरिजाबाई साळवे नावाच्या बाईंचं होतं. वहीच्या फाडलेल्या पानावर, मोठ्या गोल अक्षरात. मजकूर असा:

‘सप्रेम जय भीम. पेपरात तुमच्या कुत्र्याची माहिती वाचली. मी अंगणवाडीत बत्तीस वर्षं काम केलं, आता घरीच असते. एकटी राहते. घर गावाच्या कडेला आहे, अंगणाला भिंत आहे. घरात लहान लेकरू नाही. मला कानानं फार कमी ऐकू येतं म्हणून फोन करू नका, लिहून कळवा. कुत्रा लाजाळू आहे असं तुम्ही छापलंय. लाजाळू म्हणजे काय ते मला समजलं नाही. चावतो का? चावत असेल तर केव्हा चावतो? खरं काय ते लिहा. तुम्ही लिहाल त्यावर मी भरवसा ठेवीन.’

उत्तर लिहायला घेतलं की त्या शेवटच्या वाक्यापाशी माझा हात थांबायचा.

मी चौतीस वर्षं एका वाचनालयात काम केलं. पुस्तकांच्या नोंदी, वर्गवारी, फाटक्या पुठ्ठ्यांना चिकटपट्ट्या. वाचकांशी बोलायची वेळ आली की मी कपाटाच्या मागे काहीतरी शोधायला जायचो. निवृत्तीनंतर वर्षभरात पत्नी गेली आणि मी मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. खाली मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत बँड सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात.

दीपमाला मला रस्त्यावर भेटली. वाचनालयासमोर एका कुत्रीला गाडीनं उडवलं होतं आणि मी तिच्यावर छत्री धरून उभा होतो. दुसरं काय करावं ते मला सुचलं नव्हतं. दीपमाला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, जखमा धुऊन मलमपट्टी करते. सकाळी तिथली नोकरी, दुपारनंतर अंबड रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जखमी कुत्र्यांचा निवारा. कुत्रीला टेम्पोत घालता घालता तिनं मला विचारलं, “काका, अक्षर कसंय तुमचं?”

“बरं आहे,” मी म्हणालो.

“मंग उद्यापासून या. माझं अक्षर मलाच वाचता येत न्हाई.”

असा मी तिथला रजिस्टर लिहिणारा झालो. प्रत्येक कुत्र्याला एक पान. रंग, वय, लस, कुठून आणला, आणि शेवटी एक रकाना: स्वभाव. तो रकाना दीपमालानं माझ्यावर सोपवला. “तुम्ही निसते बसून बघत राहता ना, मंग तुम्हालाच कळंल,” ती म्हणाली होती.

खारीक आला तेव्हा त्याला नाव नव्हतं. लोखंडाच्या कारखान्यांच्या बाजूला, गजांच्या ढिगाखाली तो सापडला होता. रंग वाळल्या खारकेसारखा, म्हणून खारीक. पाठीवर केस न येणारे दोन पट्टे. साखळी वाजली, बादलीचं कडं आपटलं, की तो भिंतीत शिरायला बघायचा. माणूस समोरून आला तर तोंड फिरवायचा. मी त्याच्या जाळीबाहेर तोंड आडवं करून बसायचो आणि हळू आवाजात जे हातात असेल ते वाचायचो. कधी अग्रलेख, कधी बाजारभाव. अकराव्या दिवशी त्यानं माझी चप्पल हुंगली. पुढे तो जाळीच्या दारात येऊन, माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायला लागला.

आयुष्यात कुणी माझ्या इतक्या जवळ, माझ्या भरवशावर, झोपलं असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच ती चूक झाली असावी. एका दुपारी तो झोपलेला असताना मी वाचता वाचता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं डाव्या तळव्याला चावा घेतला. मग कोपऱ्यात जाऊन तिथेच लघवी केली आणि सबंध अंग थरथरवत माझ्याकडे न बघता उभा राहिला. चावा खोल होता. मी नळाखाली हात धरला, साबणानं धुतला, रुमाल बांधला. सरकारी दवाखान्यात जाऊन ‘रस्त्यावरचा कुत्रा’ असं सांगितलं आणि सगळी इंजेक्शनं मुकाट्यानं घेतली. दीपमालानं पट्टी पाहिली.

“काय झालं?”

“अडकित्ता लागला.”

“अडकित्ता! सुपारी तरी खाता का कधी?” ती हसली आणि कामाला लागली.

मी खरं का सांगितलं नाही? ती मला घरी बसवील, ही भीती होती. आणि खारीकच्या पानावर ‘चावतो’ हा शब्द माझ्या हातानं पडला असता तर त्याला कुणी नेलं नसतं. यातलं पहिलं कारण जास्त खरं आहे. स्वभावाच्या रकान्यात मी ‘लाजाळू’ लिहिलं. लोक माझ्याबद्दल तेच म्हणतात. त्यात कुणाचं काही वाईट होत नाही असं मला वाटत आलं होतं. पेपरात जाहिरात द्यायची वेळ आली तेव्हा तोच शब्द मी तिथेही उतरवला.

जाहिरात पाहून वडीगोद्रीच्या अद्वैतचा त्याच दिवशी फोन आला. हायवेला त्याचं पाइपांचं दुकान, मागे घर. घरात आई प्रेमलाबाई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी अंतरा. दीपमालानं विचारलं, “काका, लेकरू हाय घरात. चालंल ना?” मी म्हणालो, “चालेल. लाजाळू आहे, एवढंच.”

आम्ही त्याला टेम्पोतून घेऊन गेलो. दारात प्रेमलाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात निरांजन, हळद-कुंकू, शेजारी तांब्याभर पाणी.

“मावशी, हे काय?” दीपमालानं विचारलं.

“अगं, जनावर पहिल्यांदा उंबरा ओलांडून राह्यलंय. गाय आणली तर ओवाळतो, बैल आणला तर ओवाळतो. ह्यानं काय घोडं मारलं?”

सगळे हसले. खारीकनं तोंड फिरवलं. ओठांवरून जीभ फिरवली. एक पुढचा पाय उचलून धरला. कान मागे चिकटले. हे सगळं मला दिसत होतं. आता हात वरून येणार, त्या हातात जळती वात असणार, मग बोट कपाळाकडे जाणार. मी तोंड उघडलंही होतं. पण ती बाई इतक्या मायेनं उभी होती आणि परक्या घराच्या दारात तिला ‘थांबा’ म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही. शब्द जुळवीपर्यंत तिनं त्याचे पाय धुतले होते आणि कुंकवाचं बोट पुढे केलं होतं.

तो गुरगुरला. अर्ध्या क्षणात त्यानं तिचं मनगट दातांत धरलं. ताट खाली आपटलं, त्या आवाजानं तो आणखी भेदरला आणि सुटायला वेळ लागला. अंतरा आजीचा पदर धरून मागे उभी होती. तिचा चेहरा खारीकच्या तोंडाच्या उंचीला होता. नंतर कितीतरी दिवस मला तेवढंच दिसत राहिलं.

अद्वैत काठी शोधायला धावला. प्रेमलाबाई रक्ताळलेला हात छातीशी धरून ओरडल्या, “मारू नको रे त्याला! भेलंय ते!” दवाखान्यातून परतल्यावर अद्वैत माझ्यासमोर उभा राहिला. “काका, तुम्ही तर बराबर लिहून दिल्तं ना? लाजाळू म्हणून?”

मी मान खाली घातली. दीपमालानं माझी बाजू घेतली. “त्यांना काय माहीत? आमच्याकडं कधी कुणाला चावला न्हाई तो.”

खारीकला आम्ही परत शेडवर आणलं. त्यानंतर पाचव्या दिवशी गिरिजाबाईंचं पत्र आलं.

दीपमालानं ते वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. “काका, हे बघा! लेकरू न्हाई, भिंत हाय, बाई एकटी. असं घर शोधून सापडत न्हाई. वडीगोद्रीचं सगळं लिहा तिला, लपवू नका. आजच लिहा.” मी हो म्हणालो. आठवड्यानं तिनं विचारलं, तेव्हा म्हणालो, लिहिलं. आणखी काही दिवसांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, उत्तर आलं नाही. मग तिनं विचारणं सोडलं.

मी लिहायला बसत नव्हतो असं नाही. पण ‘केव्हा चावतो’ याचं उत्तर प्रेमलाबाईंपासून सुरू होत नव्हतं. ते माझ्या तळव्यापासून सुरू होत होतं. तिथपर्यंत आलं की मी कागद फाडायचो.

मग शेडच्या मालकानं जागा बियाण्यांच्या गोदामासाठी द्यायचं ठरवलं. महिनाअखेर रिकामी करा, असा निरोप आला. दीपमालानं जिवाचं रान केलं. तीन पायांची कुत्री एका शिक्षिकेनं नेली, दोन पिल्लं अंतरवालीला गेली, म्हातारा काळ्या तिनं स्वतःच्या घरी नेला. तिची खोली एक आणि माणसं चार. शेवटी खारीक उरला. माझ्या खिडकीखालच्या बँडच्या आवाजात तो टिकला नसता. शेड रिकामी झाल्यामुळे आवाज घुमायला लागले होते आणि तो दिवसभर औषधांच्या खोलीत टेबलाखाली बसायचा.

शुक्रवारी दुपारी संपत नावाचा एकजण आला. भंगाराचं मोठं आवार आहे त्याचं, दीपमालाच्या ओळखीतला माणूस. वाईट नव्हता. येताना पिशवीत बिस्किटांचे पुडे घेऊन आला होता.

“चावतो म्हणं,” तो खोलीच्या दारातून वाकून टेबलाखाली बघत म्हणाला.

“चावतो,” दीपमाला म्हणाली.

“मंग तर बिलकुल कामाचा! न चावणारा काय ववाळायचाय?” आणि स्वतःच हसला. आम्ही हसलो नाही तसा गोंधळला. “न्हाई, दोन टाइम भाकरी देईन, दूध देईन. दिवसा साखळीला, रात्री आवारात मोकळा. कुणी हात लावणार न्हाई त्याला.”

“आवारात गाड्या किती वाजता येत्यात?” दीपमालानं विचारलं.

“दिवसभर. पत्रे, गज, काय काय. त्याचं काय? सवय होऊन जाती कुत्र्याला.”

दीपमालानं माझ्याकडे पाहिलं नाही. “परवा या, रविवारी,” ती म्हणाली. “मी कागद करून ठेवते.”

संपत गेला. ती उलट्या बादलीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “मला माहीत हाय, काका. बोलू नका. लोखंडातून काढला आन् लोखंडातच घालून राह्यले मी त्याला. पण रस्त्यावर सोडला तर लोक ठेचून मारतील. त्या धावड्याच्या बाईनं जर उत्तर दिलं असतं…”

टेबलाखालून खारीक तिच्याकडे बघत होता. तो समोरून कुणाकडे बघत नाही, पण ती डोळे मिटून बसली होती म्हणून बघत होता.

मी म्हणालो, “मी लिहिलंच नाही.”

“काय?”

“त्यांना मी उत्तर लिहिलंच नाही. लिहिलं असं खोटं सांगितलं.” आता थांबलो तर पुन्हा बोलणं होणार नाही हे मला कळत होतं. “आणि तो अडकित्ता नव्हता. खारीक होता. वडीगोद्रीच्या आधी. मी डोक्यावर हात ठेवला होता.”

मग उठून तिनं माझा डावा हात ओढला आणि तळवा उलटा करून पाहिला, जनावराचा खूर पाहावा तसा.

“इंजेक्शनं?”

“घेतली. सगळी.”

“देवा…” तिनं हात सोडून दिला. “त्या लेकराच्या तोंडाला लागलं असतं म्हणजे? मी त्या घरात उभी राहून सांगितलं, कधी कुणाला चावला न्हाई म्हणून. माझ्या तोंडानं सांगितलं! तुम्ही बाजूलाच उभे होते ना हो!”

“होतो.”

“एवढी पुस्तकं वाचली तुम्ही. एक वाक्य बोलता आलं न्हाई?”

मी उभाच राहिलो. ती शेडच्या टोकापर्यंत गेली, परत आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज कामाचा होता.

“टेम्पो सांगते. उद्या सकाळी त्याला घेऊन धावड्याला जाऊ. दारात जाऊन पाय धरू त्या बाईचे.”

“नको,” मी म्हणालो.

ती थबकली. मी तिला आजवर ‘नको’ म्हटलं नव्हतं.

“दारात कुत्रा उभा केला तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. प्रेमलाबाईंच्या दारातही तो खरं न सांगताच नेला होता. गिरिजाबाईंनी लिहून मागितलंय. कागद वाचून त्यांना चार दिवस विचार करता येईल. नाही म्हणायचं असेल तर म्हणता येईल.”

“आन् रविवारी संपत?”

“त्यांना थांबवता येईल का?”

“थांबवता येईल. पण न्हाई कळवलं बाईनं, तर मंग?”

“मला माहीत नाही.”

ती परत बादलीवर बसली. “लिहा,” ती म्हणाली. “हितंच बसून लिहा. माझ्यासमोर.”

मी औषधांच्या टेबलाशी बसलो. पायाशी खारीक. ‘सप्रेम जय भीम’ लिहिलं आणि त्याखाली पहिलं वाक्य: ‘हो, चावतो. आजवर दोनदा चावला, पहिल्यांदा मला.’ त्यानंतर लिहिणं सोपं झालं असं म्हणता येणार नाही, पण हात चालत राहिला. माझा चावा, माझं खोटं, ओवाळणी, प्रेमलाबाईंचं मनगट, लोखंडाचा आवाज, पाठीवरचे पट्टे. डोक्यावर हात न्यायचा नाही, झोपलेला असताना तर मुळीच नाही; तेव्हा तो इशारा न देता चावतो. साखळी नको, कापडी पट्टा. भाकरी ठेवून आपण लांब जायचं. पहिला महिनाभर पाहुणे नकोत. घरी एखादं लेकरू येणार असेल तर त्याला खोलीत ठेवून कडी लावायची. आम्ही त्याला मुसकं घालायची सवय लावून देऊ, आणि सोडायच्या आधी चार वेळा नुसते भेटायला येऊ.

दीपमालानं ते वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. ती मधेच म्हणाली, “थांबा. त्या बाईला ऐकू येत न्हाई ना?”

“कमी येतं.”

“जागा असला की चावायच्या आधी हा गुरगुरतो. तेवढीच इशारत देतो तो. ती तिला ऐकू येणार न्हाई.”

एवढ्या वेळा ते पत्र वाचून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतंच वाचत होतो.

“हे लिहिलं तर ती न्हाईच म्हणंल,” दीपमाला हळू म्हणाली. मग मला वाटलं ती म्हणेल, नका लिहू. तसं म्हणावंसं तिलाही वाटलं असेल. तिनं टेबलाखाली पाहिलं. “लिहा,” ती म्हणाली.

मी लिहिलं: ‘जागा असला की तो चावण्याआधी गुरगुरतो. तुम्हाला ते ऐकू येणार नाही, हा या सगळ्यातला मोठा धोका आहे.’

आणि तिथे मला थांबावं लागलं, कारण खाली खारीकनं तोंड फिरवलं होतं. दीपमालाचा पाय त्याच्या जवळ गेला होता. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. पुढचा उजवा पाय जरा उचलला. कान मागे गेले. दीपमालानं पाय काढून घेतला आणि तो हळूहळू मोकळा झाला. गुरगुरला नाहीच. मी हे किती दुपारी पाहिलं होतं. ओवाळणीच्या वेळीही याच क्रमानं पाहिलं होतं.

मी पुढे लिहिलं: ‘पण गुरगुरण्याच्या आधी तो जे करतो ते डोळ्यांना दिसतं.’ आणि सगळं क्रमानं लिहिलं. आधी तोंड फिरवणं, मग जीभ, मग पाय, मग कान. ‘तोंड फिरवलं की तिथेच थांबायचं आणि एक पाऊल मागे जायचं. पुढे काही होत नाही. मी हे अनेकदा पाहिलं आहे. बत्तीस वर्षं तुम्ही लहान मुलांकडे बघत काम केलं आहे, तेव्हा तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर दिसेल असं वाटतं. पण मी चूक असू शकतो. एवढं असूनही चावा बसणारच नाही, अशी हमी मी देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ते बरोबरच असेल.’

दीपमालानं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. “इतकं कशाला?” ती म्हणाली. “जरा तरी आस ठेवा की.” पण खोडायला सांगितलं नाही. रजिस्टर काढून तिनं खारीकचं पान माझ्यासमोर ठेवलं आणि स्वभावाच्या रकान्यावर बोट टेकवून उभी राहिली. मी जुना शब्द खोडून खरं काय ते लिहिलं, दोन्ही तारखांसकट. वडीगोद्रीला जाऊन प्रेमलाबाईंसमोरही हे बोलावं लागणार होतं. मी तसं म्हणालो. “हो. एकटे जा,” ती म्हणाली. “मी येणार न्हाई.”

मग तिनं संपतला फोन लावला. “भाऊ, रविवारी येऊ नका. दहा दिवस थांबा… न्हाई, नाराज न्हाई… हो, माहीत हाय मला, तुम्हाला दुसरा मिळंल.” नंतर शेडच्या मालकाला. तिथे आवाज चढले. औषधांची एक खोली दहा दिवस, एवढंच तिला मिळालं. अकराव्या दिवशी काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी पोस्टात गेलो. रांगेत चारजण होते. नेहमीप्रमाणे मला वाटलं, घरी जाऊन एकदा शांतपणे वाचावं, एखादा शब्द बदलावा. मागचा माणूस म्हणाला, “सरका ना बाबा पुढं.” मी सरकलो.

“कुठं?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“धावडा. तालुका भोकरदन. स्पीड पोस्टनं.”

“काय हाय आत?”

“पत्र. उत्तर आहे.”

त्यानं पाकीट वजनाला ठेवलं, माझा नंबर विचारला, पावती फाडून दिली. मग पाकिटावर शिक्का मारला, मागच्या पोत्यात टाकलं आणि माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे पाहिलं.